जुळारी

रक्तपेढीचा फोन आला तेव्हा
मी सहावी 'ब'ची हजेरी लिहीत होते.
बाई, तुमची पिशवी आम्ही बाजूला काढली,
पोरगा फार अदबीनं म्हणाला, घाटीत दाखवून घ्या.

घाटीत कळलं ते एवढंच:
कावीळ, सी. खूण आहे, विषाणू नाही.
आला असेल कधीतरी, आणि गेला,
ना विचारून आला, ना सांगून गेला.

मग दामूचं रक्त तपासलं.
त्याच्यात तो होता. तीसेक वर्षं,
भाडं न देता.

टोंपे कंपाउंडर आठवला.
जालन्यात, कादराबादेत, पत्र्याचं दुकान, काचेची सिरिंज,
शहाऐंशीचा ताप, एका बाकावर आम्ही दोघं.
आधी मी की आधी दामू, यावर आजही भांडतो.
सुई तीच.
रॉकेल मिळालं की उकळायचा,
नाही मिळालं की स्पिरिटचा बोळा.
माणूस वाईट नव्हता. रडलं तर लिमलेटची गोळी द्यायचा.

दामूनं दारूला तोंड लावलं नाही कधी.
यकृत सुजलंय म्हटल्यावर गल्ली म्हणाली,
पीत असेल चोरून.

घाटीतल्या मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर
एक रेघ काढली, रेघेवर टिंब.
एकोणिसाव्या जोडीवर, इथं,
एक अक्षर आईकडून येतं, एक वडलांकडून.
तुम्हाला दोन्हीकडून चांगलं आलं असावं,
भावाला नसावं.
अजूनही आहेत अशी: काही जनुकं
चोराचा तुकडा पेशीच्या उंबऱ्यावर मांडून दाखवतात,
कुणाची नेमका दाखवतात, कुणाची भलताच.
काही ब्रेकसारखी. मारणाऱ्या पेशींचा ब्रेक
कुणाचा सैल, कुणाचा करकचून.
मी विचारलं, मग तिथंच ठरलं म्हणायचं सगळं?
ठरत नाही हो, त्या म्हणाल्या, कल पडतो.
आणि ही तपासणी आता कोण करतंय?
गोळ्या सगळ्यांनाच लागू पडतात.

म्हणजे ते टिंब आमच्या घरात
कायम 'असावं'वरच राहणार.

आबा जुळारी होते, बालाजी मुद्रणालयात.
शिशाचे खिळे, उलटी अक्षरं,
डाव्या हातात पट्टी, आणि उजवा हात
न बघता घरात जाऊन नेमका 'ळ' घेऊन यायचा.
एकदाच चुकले.
लग्नाच्या दोनशे पत्रिकांत एक 'आ' पडला
आणि छापून गेलं:
आपले गमन प्रार्थनीय आहे.
मालकानं आठ दिवसांचा पगार कापला.
पाहुणे मात्र आले, जेवून, हसून गेले.

कुणाच्या वाटणीला काय आलं
याचा सातबारा निघत नाही.
आईकडची पितळी परात मला, आबांचं घड्याळ दामूला,
हे तरी आम्ही बसून ठरवलं होतं.
ते दुसरं
आम्ही पोटात असतानाच वाटून झालं होतं,
अंधारात, न बघता,
आबांच्या उजव्या हातासारखं.

मला त्याची लाज वाटते, हे कुणाला सांगू?
मी काहीच केलं नाही.
तो लढला, मी तर आजारी पडल्याचंही मला आठवत नाही.

दामूनं चौऱ्याऐंशी दिवस गोळ्या खाल्ल्या,
कॅलेंडरवर पेन्सिलनं फुल्या मारत.
यकृतावरचे वण राहणार,
सहा महिन्यांनी सोनोग्राफी, जन्मभर.
आणि माझं रक्त कुणालाच चालणार नाही.
शाळेत शिबिर असलं की मी दारात बसून
दात्यांची नावं लिहिते, बिस्किटाचे पुडे मोजते.

शेवटचा रिपोर्ट आला त्या दिवशी
घाटीच्या बाहेर, रसवंतीच्या सावलीत
दामूनं कागद उघडला, आणि उलटा धरला
उजेडाकडे, मागची बाजू डोळ्यांसमोर,
आबा प्रूफ धरायचे तसा.
अगं, काय करू राहिलास, मी म्हटलं, आणि
अगं कसलं, अरे म्हण, तो हसला.
मग मागूनच, उजवीकडून डावीकडं,
एकेक अक्षर लावत वाचलं त्यानं:
आढळला नाही.

घेऊ का अजून एक ग्लास?
घे म्हटलं. आलं घाल म्हणावं.